पाण्याखालचे पाय

कप्तान नोमिकोस पासपोर्टच्या फोटोसाठी माझ्या स्टुडिओत आला, तेव्हा त्याला खुर्चीत बसवून मी दिवे लावायला मुद्दाम उशीर केला. हनुवटी वर करून बसवलेल्या माणसाला मधेच उठून जाता येत नाही, ही युक्ती मला वडिलांनी शिकवलेली. ते गेल्यावर स्टुडिओ माझ्याकडे आला. नवरा जहाजावर, वर्षातून एक महिना घरी. उरलेले अकरा महिने मी, माझा कॅमेरा आणि कालिम्नोस बेटावरची समस्त जनता.

"कप्तान, येत्या ईस्टरनंतर तुमची स्पंजची बोट निघेल तेव्हा आमच्या स्केव्होसला नेणार ना?"

"तू माझा फोटो काढणार आहेस की कान पिळणार आहेस?"

"दोन्ही. हनुवटी जरा खाली."

"थेमेलिना, तुझा भाऊ लंगडतो, बाई. वादळात माझ्या डेकवर धड दोन पायांची माणसं घसरतात. त्याला ठेवू कुठे? कपाटात?"

मला असा राग आला की दिव्याचं बटण मोडायचंच बाकी राहिलं. स्केव्होस माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पाच वर्षांपूर्वी बेंगाझीसमोर, समुद्राच्या तळाशी स्पंज कापत असताना त्याची हवेची नळी अडकली आणि त्याला घाईघाईनं वर ओढावं लागलं. खोलातून असं एकदम वर आलं की अंग लुळं पडतं. तांब्याच्या टोपाचा तो पोशाख, त्याला आम्ही 'मशीन' म्हणतो. मशीननं आमच्या बेटावरचे किती पाय खाल्ले याची मोजदाद नाही. स्केव्होसचा डावा खाल्ला. तेव्हापासून तो वखारीत बायकांबरोबर बसून स्पंज कातरतो आणि काठी टेकत घरी येतो. बंदरावरची पोरं त्याच्यामागून तशीच चालून दाखवतात. तो मागे वळून बघत नाही, म्हणून मी वळून बघते, आणि हाताला लागेल त्याच्या कानाखाली वाजवते.

"मशीनमध्ये नका घालू त्याला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी ते बंदच केलंय. जुने लोक जायचे तसा जाईल, दगड धरून, एका श्वासात. दहा-बारा वाव खोल. पाण्यात त्याचा पाय सरळ चालतो."

"कोण म्हणतं?"

"मी पाहिलंय. सप्टेंबरात, मागच्या खाडीत. त्याला वाटलं, तिथे कुणी नाही."

"बहिणीनं पाहिलं म्हणजे झालंच की मग!" कप्तान हसला, पण वाईट हसला नाही. "मला दाखव. पाय चालताना दिसले तर घेतो. मी काय दगड आहे?"

तिथेच तर सगळं अडत होतं. हेच मी स्केव्होसला आधी सांगून पाहिलं होतं की कप्तानाला एकदा बोटीतून पाहू दे. तो काठी आपटून म्हणाला होता, "मी बाजारातलं गाढव आहे का ताई, माझे खूर तपासायला?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

"परीक्षा तो द्यायचा नाही," मी कप्तानाला म्हटलं. "पण थिओफानीच्या सणाला क्रॉससाठी उडी मारेल. तेव्हा बघा."

"थिओफानीला मी पाद्रीबाबांच्या शेजारी धक्क्यावर उभा असतो. तिथून दिसतात ती डोकी आणि चमकणारं पाणी."

"मग मी फोटो काढून दाखवते. पाण्याखालचा."

आता मात्र तो मोकळेपणानं हसला आणि माझ्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पंधरा वर्षांच्या थिओफानी सणांचे फोटो ओळीनं टांगलेले होते. सहा जानेवारीला पाद्रीबाबा बंदरात क्रॉस टाकतात, पुरुष उड्या मारतात, एकजण तो वर आणतो, आणि मी फोटो काढते. पंधराच्या पंधरा फोटोंत डोकी होती आणि खाली पांढराफटक पत्रा.

"समुद्राचा वरून फोटो म्हणजे पत्रा," कप्तान म्हणाला. "पण बघ बाई. माझी माणसांची यादी थिओफानीच्या दुसऱ्या दिवशी बंद होते, संत यान्निसच्या दिवशी. तोवर पाय दाखवलेस तर नाव घालीन. शब्द दिला."

तो गेल्याबरोबर मी हॅम्बुर्गला नवऱ्याला पत्र लिहिलं. इतर बायका नवऱ्याकडे रेशमी मोजे मागतात. मी पोलरायझिंग फिल्टर मागितला.

नाताळाच्या आठ दिवस आधी फिल्टर आला, कापसात गुंडाळलेला, करड्या रंगाची चकती आणि तिला फिरणारं कडं. मी तो तिथल्या तिथे डोळ्याला लावून खिडकीशी गेले. समोर बेकरीची काच, तिच्यात नेहमीसारखं आकाश आणि माझंच घर. कडं फिरवत गेले, फिरवत गेले, आणि आकाश विरघळलं, घर विरघळलं, आणि आत बेकरीवाला सर्वांच्या नकळत स्वतःचाच केक बोटानं चाटत होता! मी एकटीच टाळ्या पिटायला लागले. काचेवरची चमक काढून टाकणारी वस्तू पाण्यावरची काढणार नाही? मला त्याच क्षणी बंदरात उतरावंसं वाटलं.

बोट मिकेमामाची. मामा म्हणजे आईचा भाऊ, सत्तरी ओलांडलेला. त्याचा उभा जन्म एका बादलीत तोंड घालून गेला. बादली पत्र्याची, बूड काचेचं. ती पाण्यावर टेकवली की चमक आणि लाटा बाजूला होतात, आणि तळ हातावर घेतल्यासारखा दिसतो. बोटीच्या काठावर पोटावर पडून तळाचे स्पंज शोधायचे आणि पाणबुड्याला ओरडून सांगायचं, हे मामाचं काम. माझा फिल्टर पाहून त्यानं नाक मुरडलं.

"एवढ्याशा काचेसाठी जर्मनी कशाला? माझी बादली आहे की."

"मामा, बादलीला फिल्म बसत नाही."

पहिल्या खेपेला आम्ही एक पांढरं इनॅमलचं ताट तीन वाव, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढं, खोल वाळूवर सोडलं. मी बोटीत उभी राहिले, मीटर समुद्राकडे धरून उजेड मोजला, फिल्टरच्या डबीवर लिहिलं होतं तसा अडीच पट उजेड वाढवला, आणि सहा फोटो काढले. डार्करूममध्ये निगेटिव्ह पाहिली तर ताट नाही, वाळू नाही, काहीच नाही. छापली असती तर कोळशाची खाण दिसली असती. चूक कळायला एक कॉफी लागली. मीटर बिचारा पाण्यावरची चमक मोजत होता. ती चमक तर फिल्टर गाळून टाकणार होता! उरला होता तळ, आणि तळाला किती उजेड लागतो हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग मला वाटलं, माझ्याइतकी हुशार बाई या बेटावर जन्मलीच नाही. मी मामाची बादली पाण्यावर टेकवली, मीटर आत उलटा धरला, काचेतून तळाचा उजेड मोजला. काटा हलला, नेमका आकडा आला. बादलीनं चमक जाते, फिल्टरनंही चमक जाते, म्हणजे दोन्ही एकच, डबीवरचे अडीच पट त्या चमकेपायीच, असा हिशेब करून मी तोच आकडा कॅमेऱ्यावर लावला. नाही म्हणायला ताट आलं या वेळी. पण ते काजळीत पडलेल्या चंद्रासारखं, आणि भोवती सगळा चिखल. ताट एवढं अंधारं, तर माणसाचे पाय कुठून दिसणार? नाताळ दोन दिवसांवर आलेला. मी बोटीत फतकल मारून बसले आणि तोंड फिरवलं.

"रडतेस होय गं?" मामा म्हणाला.

"मी कशाला रडू? माझ्या डोळ्यात मीठ गेलंय."

त्यानं माझी समजूत काढली नाही. नुसता फिल्टर उचलून डोळ्याला लावला, मग बादलीच्या बुडातून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फिल्टर. "पोरी, तुझी ही काच काळपट का आहे? माझी तर स्वच्छ आहे."

मी ताडकन उठले, बोट इतकी डुलली की मामानं मला आईवरून शिव्या दिल्या, म्हणजे स्वतःच्याच बहिणीवरून. काळपट! अर्थात काळपट! बादली नुसती चमक बाजूला करते, फुकटात. फिल्टर चमक काढतो आणि वर उरलेल्या उजेडातूनही हमाली कापून घेतो. मी फिल्टर मीटरच्या डोळ्यापुढे धरून चर्चच्या चुना फासलेल्या भिंतीकडे रोखला. काटा दीड स्टॉप खाली आला; एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. म्हणजे बादलीतला आकडा घ्यायचा आणि त्यावर दीड स्टॉप लेन्स जास्त उघडायची. बस्स, एवढंच! आणि हे मला शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं दाखवलं.

तिसऱ्या खेपेला ताट आलं. नुसतं ताट नाही, त्याच्या कडेची निळी फुलं आली, शेजारी पडलेली समुद्री काकडी, तो लुसलुशीत प्राणी, आली, वाळूवरच्या रेघासुद्धा मोजून घ्या. मी ओला फोटो हातात नाचवत तशीच ॲप्रनवर मामाच्या घरी धावत गेले. मामानं तो तीनदा पाहिला आणि बायकोला हाक मारली, "अगं ए, ते ताट आपलं आहे ना? सापडलं बघ!"

आता राहिला स्केव्होस. त्याला मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उडीच मारली नसती.

"यंदा क्रॉसला कोण उतरतंय माहितीये?" मी सहज म्हटल्यासारखं केलं. "बेकरीवाल्याचा साकेलारिस. एकोणीस वर्षांचा. म्हणतो, या बेटावर आता पाणबुडे राहिलेच नाहीत, नुसत्या आठवणी सांगणारे राहिलेत."

साकेलारिस असं काही बोलला नव्हता. देव मला क्षमा करो.

स्केव्होस स्पंज कातरायचा थांबला. "त्या पिठाच्या गोळ्यानं?"

"त्यानंच."

"सांग त्याला, मी उतरतोय." आणि मग थोडं थांबून, हळू आवाजात, "ताई, बोटीच्या कडेला मला बसून राहता येईल ना? उभं राहायला नको ना लागणार?"

माझं काळीज चिरलं. "बसूनच," मी म्हटलं. "राजासारखा."

थिओफानीला सकाळी प्रार्थना आटोपून सारं गाव धक्क्यावर आलं. ऊन लख्ख, वारा नावाला नाही, पाणी तेलासारखं. मी मामाच्या बोटीत एका पेटीवर उभी होते. पेटी अशासाठी की पाण्याकडे फार सरळ खाली पाहिलं तरी फिल्टर चालत नाही आणि फार आडवं पाहिलं तरी नाही; मधला एक कोन असतो, तो मी आठ दिवस शोधून ठेवला होता. कडं कुठवर फिरवायचं तिथे नखाला लावायच्या पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला. बादलीत आकडा मोजलेला, दीड स्टॉप चढवलेला. शटर अडीचशेवर, म्हणजे सेकंदाचा अडीचशेवा भाग, कारण पोहणारा माणूस ताटासारखा पडून राहत नाही.

समोरच्या लाल बोटीच्या कडेला आठ-नऊ जवान पोरं कुडकुडत उभी, आणि त्यांच्यात मधोमध माझा भाऊ बसलेला, काठी शेजारी. कुणीतरी म्हणालं, "काका, शाल देऊ का?" तो म्हणाला, "तुझ्या आईला दे, तू वर आला नाहीस तर लागेल तिला." सगळी पोरं फिदीफिदी हसली. पाच वर्षांत मी त्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

आमच्याकडे क्रॉस तीनदा टाकतात. पहिल्या दोन वेळा त्याला रिबीन बांधलेली असते, पाद्रीबाबा तो परत ओढून घेतात. तिसऱ्या वेळेला रिबीन नाही आणि मग उड्या. पहिल्यांदा टाकला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. बंदराचा तळ माझ्यासमोर उघडा पडला होता, वाळू, दोरखंड, फुटकं मडकं, आणि त्यावरून खाली जाणारा क्रॉस चकचकीत! ओढून घेतला. दुसऱ्यांदा टाकला. ओढून घेतला. पाद्रीबाबा रिबीन सोडवायला लागले.

आणि उजेड गेला.

वर पाहिलं तर एक ढग, एकच, पांढरा, लठ्ठ, सूर्याच्या बरोबर तोंडावर येऊन बसलेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी उन्हासाठी बांधलेलं सगळं गणित एका मिनिटात निकामी.

"मामा, बादली!" मी किंचाळले. "मीटर आत घाल! काटा सांग!"

मामा पोटावर पालथा पडला, सत्तर वर्षांचा माणूस, आणि बादलीत तोंड घालून आयुष्यभर ओरडला त्याच आवाजात ओरडला, "दोन घरं खाली!"

"नक्की दोन?"

"मी काय आंधळा आहे? दोन!"

दोन स्टॉप. लेन्स आता फक्त अर्धा स्टॉप आणखी उघडत होती. उघडली. दीड उरला. फिल्टर काढला तर दीडच्या दीड परत मिळत होता, बोटं कड्यापर्यंत गेलीसुद्धा. पण फिल्टर काढला की पत्रा. नाही. शटर साठावर आणलं तर उजेड भरपूर, पण भावाचे पाय धुरासारखे पुसट येणार, आणि मला तर पायच हवे होते. मी सव्वाशेवर थांबले. अर्धा स्टॉप कमी पडत होता. तो डार्करूममध्ये फिल्म जास्त वेळ डेव्हलपरमध्ये ठेवून वसूल करीन म्हटलं, नाहीतर मी माझ्या बापाची मुलगी नाही. पाद्रीबाबांचा हात वर गेला. क्रॉस सुटला.

सगळी पोरं एकदम पाण्यात. बंदरातली सगळी जहाजं भोंगे वाजवायला लागली, घंटा, कबुतरं, आरडाओरडा, वर नुसता फेस. लोकांना तेवढंच दिसत होतं. मला फेसाच्या कडेनं खाली दिसत होतं. मला एकटीला! पोरं वरच्यावर हातपाय झाडत होती, एकमेकांच्या तोंडात टाचा मारत होती. आणि त्यांच्या खालून, खूप खालून, एक माणूस सरळ तळाकडे निघालेला. दोन पाय जुळलेले. दोन्ही. एकदा मागे रेटले आणि तो वावभर पुढे गेला. त्याचा हात क्रॉसकडे लांबला, आणि मी बटण दाबलं.

पुढची फिल्म सरकवेपर्यंत तिथे फक्त बुडबुडे होते.

क्रॉस साकेलारिसनं वर आणला. गावानं गर्जना केली. स्केव्होस सगळ्यांत शेवटी वर आला, आमच्याच बोटीशी, आणि काठ धरून धापा टाकत राहिला.

"सुटला?" मामानं विचारलं.

"सुटला," स्केव्होस म्हणाला आणि हसला. मला वाटलं, पराभव लपवतोय. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि घरी पळाले.

फिल्म डेव्हलपरमध्ये होती तेव्हा मी घड्याळावरून नजर हलवली नाही. नेहमीपेक्षा अडीच मिनिटं जास्त ठेवली. इतक्यात दारावर गलका झाला. साकेलारिस आला होता. जो क्रॉस वर आणतो त्यानं तो ताटात तुळशीच्या पानांवर ठेवून दिवसभर गावातल्या प्रत्येक घरी न्यायचा असतो, अनवाणी, पायीपायी, वरच्या आळीच्या शेवटच्या पायरीपर्यंत, आणि त्याच्यामागून सगळी मिरवणूक. एकही दार चुकवायचं नाही. मी रसायनानं भिजलेले हात मागे धरून क्रॉसचं चुंबन घेतलं. पोरगं आनंदानं लालबुंद झालं होतं. मी म्हटलं, "शाबास रे," आणि दार लावून पुन्हा आत धावले.

निगेटिव्ह उजेडापुढे धरली. होतं. सगळं होतं! छपाईचा कागद ट्रेमध्ये टाकला आणि पाण्यातून वर यावं तसे आधी ते पाय आले. दोन सरळ पाय, पोटऱ्या ताणलेल्या, तळवे मिटलेले, माशाच्या शेपटीसारखे एकत्र. मी जमिनीवर बसून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. कितीदा पाहिला तो फोटो, काही विचारू नका.

दुसऱ्या दिवशी, संत यान्निसच्या दुपारी, मी स्केव्होसला कॉफीच्या बहाण्यानं कप्तानाच्या नेहमीच्या कॅफेत नेलं. कप्तान कोपऱ्यातल्या टेबलाशी, पुढ्यात यादी, हातात पेन. मी फोटो त्याच्या यादीवरच ठेवला.

"हे घ्या. पत्रा."

स्केव्होसनं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "तू मला न विचारता..."

"हो, न विचारता. नंतर भांड. बस आधी."

कप्तानानं नकाशे वाचायचं भिंग काढलं. बराच वेळ पायांवर धरलं. कॅफेतले दोघे-तिघे उठून मागे येऊन उभे राहिले. "सरळ आहेत," कप्तान म्हणाला. "देवाशप्पथ, सरळ आहेत." मी एवढी फुगले की माझं मलाच कळत होतं. मग भिंग हळूहळू वर सरकलं, पाठीवरून, खांद्यावरून, लांबलेल्या हातावर येऊन थांबलं, आणि तिथून हलेना.

"थेमेलिना, तू हा फोटो नीट पाहिलास?"

"शंभर वेळा."

"पाय पाहिलेस. हात बघ."

मी भिंगातून वाकून पाहिलं. बोटं मिटलेली होती. आणि त्या मुठीतून, दोन्ही बाजूंनी, क्रॉसची टोकं बाहेर आली होती. साकेलारिस त्याच्या वर, चांगला वावभर मागे.

मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी शीळ घातली. कप्तानानं भिंग खाली ठेवलं. "तुझ्या हातात होता," तो स्केव्होसला म्हणाला. "मग?"

स्केव्होस काठीची मूठ चोळत राहिला. "सोडला."

"क्रॉस? सोडला? का रे?"

"तो पोरगा वरून येतच होता. त्याच्यासमोर सोडला, म्हणजे वाळूत जायला नको." आणि मग कुणाकडेच न पाहता म्हणाला, "वर आणला असता तर गावभर चालावं लागलं असतं, कप्तान. दारोदार. वरच्या आळीपर्यंत. आणि सगळं गाव माझ्यामागून."

मी तीन आठवडे उजेडाचा अर्धा-अर्धा स्टॉप मोजत होते, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. मीच त्याला त्या बोटीच्या कडेला बसवलं होतं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

कप्तानानं फोटो बाजूला केला. यादीच्या तळाशी नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर, स्केव्होसला उलटं वाचता येईल असं.

"माझी बोट," तो म्हणाला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पावलं आहे. चालशील?"

स्केव्होसनं काठीच्या मुठीवरून हात काढला.

"चौदा चालेन," तो म्हणाला.